कपाटापासून उशापर्यंत: पॅलिएटिव्ह केअरच्या औषधांचं प्रशिक्षण कसं द्यावं

ठाणे आणि नवी मुंबईत घरोघरी जाणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या (गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या) टीम्ससाठी मी हे प्रशिक्षण गेली काही वर्षं घेते आहे. नव्या संस्थेचा फोन साधारण असाच येतो: "ताई, आमच्या सिस्टर्सना मॉर्फिनवर एक दिवसाचं लेक्चर द्याल का?" लेक्चर होतं, चहा-समोसे होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. आणि पंधरा दिवसांत त्याच टीममधली सिस्टर दिवा गावातल्या एखाद्या घरात राईल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) एसआर गोळी, म्हणजे हळूहळू औषध सोडणारी, कुटून घालते. एसआर गोळी कुटायची नसते हे तिने स्लाइडवर वाचलेलं असतं. फक्त तिच्या हातात तेव्हा खलबत्ता दिलेला नसतो.

माझं निरीक्षण असं की बहुतेक प्रशिक्षणं क्रमात चुकतात. औषधशास्त्र सकाळी ताज्या डोक्याला, रजिस्टर जेवणानंतरच्या पेंगेत, आणि घरच्यांशी बोलणं "वेळ उरला तर". खालचा क्रम औषधाच्या प्रवासाचा आहे: कपाट, कागद, सिरिंज, घर, पेशंटचं उसं, आणि उरलेली गोळी परत कपाटात. दोन पूर्ण दिवस आणि नंतर सहा आठवडे लागतात. तेवढा वेळ नसेल तर कमी टप्पे शिकवा, पण क्रम हाच ठेवा.

यातले डोसचे आकडे वर्गातल्या सरावासाठी आहेत. पेशंटचा डोस डॉक्टरच ठरवतील.

टप्पा १: आधी स्वतःचं कपाट उघडा

हे प्रशिक्षणाच्या निदान तीन आठवडे आधी करायचं. ज्या संस्थेच्या कपाटात गोंधळ आहे तिथे शिकवलेलं दुसऱ्या दिवशी टिकत नाही.

मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं एनडीपीएस (अंमली पदार्थविरोधी) कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर "अत्यावश्यक अंमली औषधं" या गटात येतात. ती ठेवायला आणि द्यायला संस्थेला "मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था" हा दर्जा लागतो. तो राज्याच्या औषध नियंत्रकाकडून, आपल्याकडे एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासन), मिळतो. वेदनाशमन आणि पॅलिएटिव्ह केअरचं प्रशिक्षण झालेला डॉक्टर संस्थेत असणं ही त्यातली एक अट. सिस्टर्सना विचारून पाहा, आपल्या संस्थेला ही मान्यता आहे का आणि जबाबदार डॉक्टर कोण. निम्म्या वेळा एकमेकींकडे पाहिलं जातं. मान्यतेची झेरॉक्स कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, प्रश्न मिटला.

मग स्टॉक मोजा, पण नुसत्या गोळ्या नाही, ताकदी मोजा. साध्या मॉर्फिनच्या १० आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या एकाच खणात आहेत का? इंजेक्शनची अँप्युल (बंद काचेची कुपी) एका मिलीत १० मिलिग्रॅमची की १५ ची? दोन्ही असतील तर वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, डब्याचा रंग वेगळा आणि झाकणावर मोठ्या अक्षरात ताकद. तगमग शांत करणाऱ्या मिडॅझोलमचंही तेच. एका मिलीत १ मिलिग्रॅमची व्हायल आणि एका मिलीत ५ मिलिग्रॅमचं अँप्युल शेजारी-शेजारी ठेवलेलं मी पाहिलं आहे. अडीच मिलिग्रॅम द्यायचे म्हणून सवयीने अर्धा मिली ओढला आणि हातात व्हायल असली, तर पेशंटला पाचवा हिस्साच मिळतो आणि रात्रभर तगमग चालू राहते.

रजिस्टरमध्ये प्रत्येक नोंदीनंतर शिल्लक लिहिलेली हवी. चूक झाली तर एक आडवी रेघ, सही, पुढच्या ओळीत बरोबर नोंद. व्हाइटनर लावलेलं रजिस्टर मी प्रशिक्षणाला घेतच नाही, नवीन उघडायला लावते.

आकडे कुठल्या लिपीत लिहायचे हेही आत्ताच ठरवा. हसू नका. घरचे लोक मराठीत लिहितात, आपण केस पेपरवर इंग्रजीत. मराठी १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी ४ इंग्रजी आठसारखा. कोपरखैरण्याच्या एका घरी सूनबाईंनी वहीत लिहिलं होतं, "गोळ्या शिल्लक १". मी ते नऊ वाचलं. रोजच्या सहा गोळ्या, म्हणजे उद्याचा दिवस निघेल असा हिशेब करून मी पुढच्या घरी निघून गेले. त्या रात्री दहाच्या डोसला दोन गोळ्या लागणार होत्या आणि डबीत एक होती. तेव्हापासून आमच्या टीमचा नियम असा: घरच्या वहीत आकड्याबरोबर अक्षर. "एक". "नऊ". आणि वही वाचल्यावर गोळ्या हाताने मोजायच्याच.

*तपासा:* मान्यता चालू आहे? किल्ली कोणाकडे आणि ती व्यक्ती रजेवर असताना कोणाकडे? प्रत्येक ताकद वेगळ्या डब्यात? रजिस्टरची शिल्लक आणि डब्यातली शिल्लक जुळते? यातलं एक जरी "नाही" असेल तर प्रशिक्षणाची तारीख पुढे ढकला.

टप्पा २: गट निवडा

बारा जणांहून मोठा गट नको. हाताचं काम प्रत्येकाचं पाहायचं असतं आणि तेरावा माणूस कायम मागे लपतो. महिन्याचा शेवटचा आठवडा टाळा. आशाताई अहवालात बुडालेल्या असतात आणि फार्मासिस्ट स्टॉक-टेकिंगमध्ये.

डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट आणि आशाताई यांना पहिल्या दिवशी वेगळं बसवायचा मोह होतो. नका करू. औषध एका हातातून दुसऱ्या हातात जाताना चूक होते, तेव्हा ते दोन्ही हात एकाच टेबलावर हवेत. फक्त कोण काय करू शकतं हे पहिल्या अर्ध्या तासात फळ्यावर लिहा. डोस ठरवणं आणि बदलणं डॉक्टरांचं. तयार करणं, देणं, परिणाम पाहणं आणि कळवणं नर्सचं. देताना ताकद आणि संख्या पडताळणं फार्मासिस्टचं. आशाताईंनी मॉर्फिन द्यायचं नाही, पण गोळ्या मोजणं, वही पाहणं आणि "आजोबा आज उठतच नाहीत" हा फोन वेळेत करणं त्यांच्याइतकं चांगलं कोणी करत नाही.

डॉक्टरांचं स्वतःचं मूळ प्रशिक्षण राहिलं असेल तर इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा सर्टिफिकेट कोर्स आहे. आपल्या दोन दिवसांनी त्याची जागा भरत नाही.

*खबरदारी:* सरावाला खरी अंमली औषधं कधीही वापरू नका. गोळ्यांच्या जागी बडीशेपेच्या रंगीत गोळ्या आणि अँप्युलच्या जागी इंजेक्शनचं पाणी चालतं. त्या गोळ्या खऱ्या औषधाच्या रिकाम्या डबीत भरू नका, आणि संध्याकाळी सगळं सामान मोजून परत घ्या. "सरावाचं मॉर्फिन" असं लेबल लावलेली सिरिंज वॉर्डात सापडली की पुढचा आठवडा स्पष्टीकरणं देण्यात जातो.

टप्पा ३: पेशंटची पिशवी टेबलावर ओता

पहिलं खरं सत्र हे. प्रत्येक घरात एक पिशवी असते. बहुधा साडीच्या दुकानाची, दाराच्या खिळ्याला अडकवलेली. तिच्यात परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलची किंवा त्यांच्याच खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकची फाइल, गल्लीतल्या डॉक्टरांची चिठ्ठी, शेजारच्या काकूंनी दिलेलं चूर्ण आणि सहा महिन्यांपूर्वीच्या पट्ट्या. अशी एक बनावट पिशवी तयार करा आणि प्रत्येक तिघांच्या गटाला एक द्या. काम एकच: आज हा पेशंट प्रत्यक्षात काय-काय घेतोय याची यादी करा.

माझ्या पिशवीतल्या आजी ३५ किलोच्या आहेत. त्यांना पॅरासिटामॉल ६५० दिवसातून तीनदा, म्हणजे १९५०. ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची जोडगोळी तीनदा, तिच्यात प्रत्येकी ३२५, म्हणजे आणखी ९७५. आणि नातवाने आणलेली सर्दीची गोळी तीनदा, तिच्यात ५००, म्हणजे १५००. बेरीज ४४२५ मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल ४००० धरतात, आणि अशा वाळलेल्या आजींना त्याहून बरीच कमी. जोडगोळीतलं पॅरासिटामॉल मोजायचं राहून जातं ही इथली ठरलेली चूक. दहातले आठ गट १९५० वर थांबतात.

याच पिशवीत आणखी सापळे ठेवा. दोन डॉक्टरांनी दोन नावांनी दिलेली एकच पोटाची गोळी. मॉर्फिन सुरू झाल्यावरही चालूच राहिलेलं ट्रॅमाडॉल, त्याच कुळातलं सौम्य वेदनाशामक. डायक्लोफेनॅक, आणि फाइलमध्ये खाली कुठेतरी वाढलेलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड थकल्याची खूण, ज्यात हे वेदनाशामक टाळतात. इसबगोलाचा डबाही ठेवा. मॉर्फिनने पोट घट्ट होतं आणि आपल्याकडे त्यासाठी पहिला हात तिथेच जातो. मॉर्फिनवर असलेल्या, पाणी जेमतेम पिणाऱ्या माणसाला इसबगोल दिलं तर ते आतड्यात फुगून बसतं आणि त्रास वाढतो. तिथे आतड्याला चालना देणारी गोळी लागते, जसं बिसाकोडिल किंवा सेना.

यादी झाल्यावर प्रत्येक औषधापुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा: चालू, बंद, विचारा. "विचारा" म्हणजे डॉक्टरांना फोन. बंद करण्याचा निर्णय नर्सने एकटीने घ्यायचा नाही, हे इथेच ठसवा.

*तपासा:* यादीवर तारीख आहे? ज्याने यादी केली त्याने पट्ट्या डोळ्यांनी पाहिल्या, की नुसतं ऐकून लिहिलं? "बंद" ठरलेल्या पट्ट्या पिशवीतून बाहेर काढून वेगळ्या केल्या का? नुसतं "आता घेऊ नका" म्हणून पिशवीत ठेवलेली गोळी पुढच्या अमावस्येच्या आत पोटात जाते.

टप्पा ४: हिशेब, फळ्यावर आणि सगळ्यांसमोर

इथे घाई करू नका. पूर्ण सकाळ गेली तरी चालेल. मोबाइलचा कॅल्क्युलेटर चालेल, पण आधी तोंडी अंदाज सांगायचा, मग बटण दाबायचं. अंदाज नसला की दशांशचिन्ह सरकलेलं कळत नाही.

सुरुवात अशी: काकांना साधं मॉर्फिन १० मिलिग्रॅम, दर चार तासांनी, रात्री झोपताना दुप्पट. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. पहिले चार मिळून ४०, रात्रीचे २०, म्हणजे दिवसाचे ६०. मध्येच दुखलं तर द्यायचा जादा डोस दिवसाच्या एक षष्ठांश, म्हणजे १०.

आता वहीत काल चार जादा डोस दिसतात. वर्ग लगेच म्हणतो, ६० अधिक ४०, १००. इथे थांबवा आणि विचारा, "चारही कशासाठी घेतले?" एक ड्रेसिंगच्या आधी घेतलेला होता. तो ड्रेसिंगसाठीच, नेहमीच्या दुखण्याच्या हिशेबात धरायचा नाही. उरले तीन. ६० अधिक ३०, ९०. भागिले सहा, नवा डोस १५ मिलिग्रॅम, रात्री ३०. १० च्या गोळीत दीड आणि रात्री तीन.

आणि जादा डोस? अर्धा वर्ग अजून १० वरच असतो. नियमित डोस वाढला की जादा डोसही वाढतो, १५. ही चूक इतकी नेमाने होते की मी आता आधीच पैज लावते.

पुढे काकांना गिळता येईना, कातडीखाली द्यायचं ठरलं. तोंडाने ९० म्हणजे कातडीखाली साधारण निम्मं, ४५. चार-चार तासांनी दिलं तर साडेसात मिलिग्रॅम. आता दोन्ही डबे टेबलावर ठेवा. १० च्या अँप्युलमधून पाऊण मिली. १५ च्या अँप्युलमधून अर्धा मिली. जिने १५ च्या अँप्युलमधून पाऊण मिली ओढलं तिने सव्वाअकरा मिलिग्रॅम, म्हणजे दीडपट दिलं. म्हणून केस पेपरवर नेहमी मिलिग्रॅम लिहायचे, "अर्धं अँप" किंवा नुसते मिली कधीच नाही. शून्यही नीट: "०.५" मध्ये आधीचं शून्य हवं, "५.०" मध्ये नंतरचं नको, कारण टिंब पुसलं की ते ५० होतं.

असे सहा हिशेब प्रत्येकाने एकट्याने करायचे. उत्तरापेक्षा रीत पाहा. बरोबर उत्तर शेजारणीच्या कागदावरूनही येतं.

टप्पा ५: डॉक्टरांची चिठ्ठी घरच्या घड्याळावर आणा

आपल्या लोकांना "१-०-१" वाचायची सवय आहे: सकाळ, दुपार, रात्र. चार तासांचं औषध त्यात बसत नाही, आणि "दर चार तासांनी" असं लिहिलं की घरचे रात्री दोनलाही उठवतात किंवा दिवसातून तीनदाच देतात. म्हणून प्रत्येकाने एक घरचा तक्ता हाताने काढायचा. पाच घड्याळी वेळा, प्रत्येकीपुढे गोळ्यांची संख्या अक्षरात, आणि खाली वेगळी चौकट: "मध्येच दुखलं तर". "एसओएस" लिहू नका. घणसोलीत एका आजोबांनी मला विचारलं होतं, "एसओएस म्हणजे कितव्या दिवशी?"

तक्ता जोडीदाराला द्या, तो नातेवाईक. त्याने तक्ता बघून बडीशेपेच्या गोळ्यांनी पूर्ण दिवस लावून दाखवायचा. तक्ता काढणारीने मध्ये बोलायचं नाही. इथे तक्त्यातलं प्रत्येक भोक उघडं पडतं.

घरात विचारायच्या गोष्टी इथेच पाठ करून घ्या. उपवास आहे का? संकष्टी, एकादशी, रोजे. "उपवासाला गोळी चालत नाही" म्हणून एक दिवस सगळं बंद ठेवलं की रात्री अकराला फोन येतो. गोळ्या कुठे ठेवता? देव्हाऱ्याखालच्या फळीवर नातवंडांचा हात पोहोचतो, कुलपाचा डबा हवा. आणि पोट कधी साफ झालं? हा प्रश्न "किती दुखतंय" याच्याही आधी. मॉर्फिन लिहिलं त्या दिवशी पोट साफ होण्याची गोळीही लिहिलेली नसेल तर नर्सने डॉक्टरांना विचारायचंच.

*खबरदारी:* एका वेळी किती दिवसांच्या गोळ्या द्यायच्या हे अंतरावर ठरवा. कळव्याच्या घराला सात दिवसांच्या पुरतात. मुरबाड-शहापूरकडच्या माणसाला सात दिवसांच्या देऊन परत बोलावणं म्हणजे त्याला औषधाविना ठेवणं. पण पहिल्याच भेटीत महिन्याभराचं कोणालाच नाही.

टप्पा ६: हात

दुसऱ्या दिवसाची सकाळ. चार टेबलं, प्रत्येकावर तीन जण, फिरत जायचं.

*ट्यूब आणि गोळ्या.* तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट आपल्याकडे इतके की ट्यूबचं टेबल पहिलं हवं. दोन डब्या ठेवा, साधी आणि एसआर. साधी गोळी कुटून पाण्यात विरघळवून ट्यूबमधून देता येते, पुढेमागे पाणी सोडून. एसआर कुटली तर बारा तासांचा डोस एकदम सुटतो. खलबत्ता टेबलावर ठेवा आणि पाहा कोणाचा हात कुठल्या डबीकडे जातो. जिचा चुकेल तिला ओरडू नका, तिलाच पुढच्या गटाला शिकवायला उभं करा.

*कातडीखालची सुई.* बटरफ्लाय २३ किंवा २४ नंबरची, छातीच्या वरच्या भागात, दंडावर किंवा पोटावर. सूज, जखम आणि रेडिएशनची जागा टाळून. पारदर्शक चिकटपट्टी आणि तिच्यावर तारीख. सिरिंज पंप मोजक्याच घरी मिळतो, त्यामुळे बहुतेकदा याच सुईतून वेळेवर डोस द्यायचे असतात. नळीत राहणारं औषध पुढे ढकलायला थोडं पाणी सोडायचं विसरतात, आणि पहिला डोस नळीतच बसून राहतो. मॉर्फिन, मिडॅझोलम, हॅलोपेरिडॉल, हायोसिन ब्युटिलब्रोमाइड ही इथे चालणारी औषधं. डायझेपॅम कातडीखाली द्यायचं नाही, आणि डायक्लोफेनॅक यांच्याबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळायचं नाही. मिश्रण ढगाळ दिसलं की टाकून द्या, रजिस्टरमध्ये दोन सह्यांनिशी.

*फेंटॅनिलचा पॅच.* कातडीतून औषध सोडणारी ही पट्टी. सरावाला साधी चिकटपट्टी. क्रम तोंडपाठ हवा: आधी जुना पॅच शोधा आणि काढा, मग जागा बदला, नुसत्या पाण्याने पुसा, कोरडी करा, केस असतील तर कात्रीने छाटा (रेझर नको), नवा पॅच लावून तळव्याने अर्धा मिनिट दाबा, तारीख-वेळ तक्त्यात लिहा. ७२ तासांनी बदल. शोधणं हा शब्द मी मुद्दाम वापरला. वर्गातल्या एका "पेशंट"च्या पाठीवर, ब्लाऊजच्या आत, आधीच एक पट्टी चिकटवून ठेवा आणि कोण तपासतं ते बघा.

पॅचचा परिणाम सुरू व्हायलाच १२ ते २४ तास लागतात. साधं मॉर्फिन चालू असेल तर पॅच लावल्यावर पहिले बारा तास ते चालू ठेवतात. एसआर असेल तर शेवटच्या गोळीबरोबरच पॅच लावतात. आत्ता तळमळणाऱ्या माणसाला पॅच लावून घरी परतणं म्हणजे त्याला रात्रभर दुखत ठेवणं. पॅच कापायचा नाही. त्याच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, ताप असेल तर कळवायचं, कारण उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं. मे महिन्यात घामाने पॅचचे कोपरे सुटतात, तेव्हा कडेने कागदी पट्टी लावा. काढलेल्या पॅचमध्येही औषध उरलेलं असतं. चिकट बाजू आतल्या बाजूला दुमडून तो टीमने परत आणायचा. उंबऱ्याबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात नाही, तिथे मांजरं आणि मुलं दोन्ही असतात.

*अँप्युल आणि कचरा.* उरलेलं मॉर्फिन साक्षीदारासमोर टाकणं आणि दोघांच्या सह्या. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात, हे सगळ्यांना येतं, पाच मिनिटांत उरका.

टप्पा ७: जास्त झालं हे कसं ओळखायचं

यावर दोन टोकं दिसतात. एक सिस्टर श्वास मोजायलाही घाबरते आणि मॉर्फिनच थांबवते. दुसरी सगळ्या झोपेला "आराम मिळाला" म्हणते.

पहिल्या दोन-चार दिवसांची गुंगी आणि मळमळ बहुधा ओसरते, आणि मळमळीला औषध आहे. सावध व्हायचं ते यावर: हातपाय अचानक झटकणं, बारीक झालेल्या बाहुल्या, भलतंसलतं दिसणं, वाढत जाणारी गुंगी. अशा वेळी लघवी किती होते ते विचारा. मॉर्फिनचे अवशेष मूत्रपिंडातून जातात. उलट्या, उन्हाळा किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने दाबलेली मूत्रनलिका, काहीही असो, लघवी घटली की कालचा योग्य डोस आज जास्त होतो.

श्वास मिनिटाला आठच्या खाली आणि हाक मारून, हलवूनही उठत नाही, तर नालोक्सोन, म्हणजे मॉर्फिनवरचा उतारा. डॉक्टरांच्या सूचनेनुसार, आणि थोडं-थोडं. ४०० मायक्रोग्रॅमचं अँप्युल १० मिलीपर्यंत पातळ करायचं आणि अर्धा-अर्धा मिली, म्हणजे २० मायक्रोग्रॅम, दर दोन मिनिटांनी शिरेतून, श्वास सुधारेपर्यंत. पूर्ण अँप्युल एकदम ढकललं तर पेशंट जागा होतो तो किंचाळत, कारण सगळं वेदनाशमन एका क्षणात जातं. नालोक्सोनचा परिणाम मॉर्फिनच्या आधी उतरतो, तेव्हा लगेच निघून यायचं नाही.

*खबरदारी:* शेवटच्या तासांतला मंदावलेला, थांबत-थांबत येणारा श्वास हा विषबाधेचा नव्हे. दोन्हींचं वर्णन देऊन वर्गाला फरक सांगायला लावा: बाहुल्या, झटके, डोस कधी बदलला, आणि आधीच्या दिवसांत पेशंट कसा खालावत आला.

टप्पा ८: "सिस्टर, मॉर्फिन म्हणजे शेवटचं का?"

हे वाक्य प्रत्येक घरात येतं, कधी दारातच, कधी जिना उतरताना हळू आवाजात. वर्गात ते मीच म्हणते, काकू होऊन. बहुतेक जणी "नाही हो काकू, असं काही नाही" म्हणून मोकळ्या होतात आणि काकूंच्या पोटातली भीती तशीच राहते. त्यापेक्षा आधी विचारा, "काकू, तुम्हाला कुणी असं सांगितलं का?" मग ऐका. शेजारचे भाऊ मॉर्फिन सुरू झाल्यावर चार दिवसांत गेले, असं काहीतरी निघतं. तेव्हा सांगायचं: "दुखणं या पातळीला आलंय म्हणून हे औषध. ते कमी झालं तर काका बसतील, दोन घास खातील, तुमच्याशी बोलतील. डोस आम्ही मोजून देतो आणि रोज फोन करतो." जे ठाऊक नाही त्याचं वचन द्यायचं नाही. "सवय लागेल का" यालाही असंच छोटं, खरं उत्तर बसवून घ्या: दुखण्यासाठी मोजून घेतलेल्या औषधाची अशी ओढ लागणं क्वचित, मात्र एकदम बंद करायचं नाही, शरीराला त्रास होतो.

टप्पा ९: प्रवास आणि उरलेलं औषध

घरभेटीला नेलेलं औषध जाताना आणि येताना दोन्ही वेळा रजिस्टरमध्ये. ठाणे-वाशी लोकलमध्ये बॅग मांडीवर, वरच्या फळीवर नाही. दुपारी स्कूटरच्या डिकीत नाही, तिथे गोळ्या भाजतात.

पेशंट गेल्यानंतरची भेट प्रशिक्षणात सहसा नसतेच. तेराव्याच्या आत जा, पण पहिल्याच वाक्यात गोळ्या मागू नका. बसा, पाणी घ्या, बोला. मग म्हणा, "राहिलेली औषधं मी घेऊन जाऊ का? घरात राहिली तर उगाच काळजी." घरच्यांसमोर मोजा, संख्या लिहा, त्यांची सही घ्या. आलेल्या गोळ्या दुसऱ्या पेशंटला द्यायच्या नाहीत. त्या वेगळ्या डब्यात, वेगळ्या पानावर, आणि विल्हेवाट मान्यतेच्या अटींप्रमाणे. घरच्यांनी "संडासात टाकल्या" म्हटलं तर वाद न घालता तसंच लिहा.

टप्पा १०: परीक्षा हाताची, आणि सहा आठवडे

लेखी परीक्षा मी बंद केली. प्रत्येकीने चार कामं माझ्यासमोर करायची: पिशवीची यादी, एक डोसबदल, दोन ताकदींमधून योग्य मिली ओढणं, आणि घरचा तक्ता समजावणं. तिसऱ्यात चूक झाली तर बाकी कितीही छान असलं तरी तिने तूर्त एकटीने इंजेक्शन द्यायचं नाही. हे आधीच सांगून ठेवलं की कोणाला अपमान वाटत नाही.

पुढचे सहा आठवडे आठवड्यातून एका घरी प्रशिक्षकाने बरोबर जायचं, कोपऱ्यात बसायचं आणि गप्प राहायचं. झालेल्या चुकांच्या नोंदींसाठी एक वेगळी वही ठेवा, नावाशिवाय: काय झालं, कोणत्या टप्प्यावर, पेशंटपर्यंत पोहोचलं का. सहाव्या आठवड्यात वही उघडा आणि ज्या टप्प्यापुढे सगळ्यात जास्त खुणा असतील तेवढाच टप्पा पुन्हा घ्या, अर्ध्या दिवसात. आमच्याकडे दोनदा हिशेबाच्या टप्प्यापुढे खुणा जास्त निघाल्या, आणि एकदा, पावसाळ्यात, पॅचच्या. भिजलेल्या भिंतीच्या खोल्यांत चिकटपट्ट्या टिकत नव्हत्या आणि घरचे सुटलेला पॅच सेलोटेपने परत लावत होते. आता पावसाळ्यात बॅगेत कागदी पट्टीचं एक जादा रीळ असतं.